कोनाच्या बियाण्यासाठी फुला घाट उतरते

विनोदनं गोठ्यामागं दोन खोल्या बांधल्या, वर पत्रे घातले, आत न्हाणी बसवली आणि रस्त्याच्या तोंडाशी निळा फलक लावला, त्या दिवसापासून त्याच्या आईची, फुलाची, माणसांबद्दल जी थोडीफार शंका शिल्लक होती तीही फिटली. माणसं मूर्ख असतात हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. पण ती पदरचे पैसे घालून, दोनशे मैल गाडी हाकून, मूर्खपणा करायला इतक्या लांब येतात, हे नवीन होतं.

कारवारच्या वरच्या डोंगरात, जोयड्याकडं, कुंभारवाड्यापासून आत चार मैलांवरची ही आठ घरांची वाडी. पाहुणे यायचे ते पहाटे उठून धुकं बघायचे. धुक्यात काय दिसतं, असं तिनं विनोदला एकदा विचारलं होतं. काहीच दिसत नाही, म्हणूनच बघतात, असं तो म्हणाला. ते कॅसलरॉकच्या स्टेशनात जाऊन रुळांवर उभे राहायचे, कुळगीच्या रानात न दिसलेल्या वाघाविषयी रात्रभर बोलायचे, सुप्याच्या धरणावर जाऊन पाण्याचे फोटो काढायचे आणि ते फुलाला दाखवायचे. त्या पाण्याखाली तिचं माहेर होतं. ती फोन हातात घेऊन नीट बघायची, छान आहे म्हणायची आणि परत द्यायची. माहेर कुठलं असं त्यांनी विचारलं तर ती सांगणार नव्हती, पण कुणी विचारलंही नाही.

त्या माहेरातून तिनं एकच वस्तू आणली होती. पाणी चढायच्या आदल्या वर्षी आईच्या परसातून काढलेला कोनाचा एक शेंडा, पदरात बांधून. कोन म्हणजे शहरात ज्याला कोनफळ म्हणतात तो वेलीचा कंद. जोयड्याच्या डोंगरात तो घरोघर होतो, पण हा वेगळा. बाहेरून मातकट, आत जांभळा, मधोमध लाल कडं. शिजला की लोण्यासारखा, आणि घशाला कणभरही खाज नाही. दरवर्षी मार्गशीर्षात वेल वाळली की ती कंद काढायची, खालचं घरात खायला, आणि वरचा मुठीएवढा शेंडा कापून राखेच्या टोपलीत ठेवायची. वैशाखाच्या अखेरीला तेच शेंडे बी म्हणून पुन्हा खड्ड्यात. असं चाळीस वर्षं.

कुणबी लोकांत रीत अशी की चांगलं बी आपल्यापाशी साठवायचं नसतं. मागेल त्याला द्यायचं. आपलं एखाद्या वर्षी डुकरांनी खाल्लं तर ज्याला दिलं त्याच्याकडून परत आणायचं. वाडीतल्या सगळ्यांनी फुलाकडं बी मागून बघितलं होतं. समोरच्या घरच्या सुमंगलानं तर तीन वेळा. फुलानं कुणाला दिलं नाही. सुमंगला खत ओलंच घालते. पलीकडची तारा कंद काढते की डुकरासारखी उकरते, हेच कळत नाही. धाकलूच्या, म्हणजे फुलाच्या नवऱ्याच्या, चुलतभावाला वेलीला आधार कुठल्या झाडाचा द्यावा एवढी अक्कल नाही. आईचा कोन असल्यांच्या हाती जाऊन वाया घालवायचा का? जोयड्याच्या कंदांच्या मेळ्यात तिनं दोन वेळा तो मांडला, कौतुकाचा कागद मिळवला, बी मागणाऱ्या बायांना ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेऊन घरी आली.

तो शेंडा तिच्या घराबाहेर गेला तो एकदाच, आणि तोही चोरीनं. तिचा धाकटा दीर लखू तापानं गेला. त्याची बायको गुणा दोन वर्षं घरात राहिली आणि मग शंकर नावाच्या माणसाबरोबर खाली गेली. हा शंकर दर बुधवारी कारवारहून टेंपोत सुकी मासळी घेऊन डोंगरात यायचा. जायच्या आदल्या दिवशी गुणानं जावेकडं कोनाचा एक शेंडा मागितला होता. फुलानं तिला सांगितलं की बांगड्याच्या वासात कोन होत नसतो. दुसऱ्या दिवशी गुणा नव्हती आणि टोपलीत एक शेंडा कमी होता. त्याला बावीस वर्षं झाली. बावीस वर्षांत डोंगरातल्या एकाही घराला असं वाटायला नको होतं की गुणा फक्त नवरा करून गेली. ती चोर होती, आणि फुलानं हे लग्नांत, बारशांत, भात कापताना बांधावर, आणि एकदा उळवीच्या जत्रेत दर्शनाच्या रांगेत उभं राहूनही सांगितलं.

मग एका वैशाखात, गुरुवारी, फुला भाचीच्या लग्नाला उळवीकडं गेली. शनिवारी दुपारी सव्वा वाजता ती परत आली तेव्हा अंगणात पांढरी गाडी होती आणि ओसरीवर पुण्याचं एक जोडपं बसलं होतं. महेश आणि रूपाली. तो चाळिशीचा, गुडघ्यापर्यंतच्या चड्डीतला, पायांवर डासांनी लिहून ठेवलेलं. ती बारीक, टोपी घातलेली, घरातही. त्यांच्यापुढं केळीची पानं होती आणि पानांवर काहीतरी तळलेलं, जांभळं, मधोमध लाल कडं असलेलं.

फुला दारात उभी राहिली. कुणी काही बोलायच्या आत ती आत गेली, कोपऱ्यातली टोपली ओढली आणि राखेत दोन्ही हात कोपरापर्यंत घातले. राख सारखी केलेली होती. सात शेंडे ठेवले होते, आता एकही नव्हता.

ती गोठ्यात गेली. सालं तरी असतील, एखाद्या सालीवर डोळा राहिला असेल. सालं गाईच्या घमेल्यात टाकली होती आणि घमेलं चाटून लख्ख होतं. फुलानं गाईचं तोंड उघडून बघितलं. मग ओसरीवर येऊन ती पाहुण्यांच्या पानांपुढं उकिडवी बसली आणि उरलेले तुकडे एकेक उचलून उलटसुलट करून बघू लागली. रूपालीनं पाच तुकड्यांतले तीन ठेवले होते.

“आजी, खूप छान होतं,” रूपाली मोठ्यानं आणि सावकाश म्हणाली, बहिऱ्या माणसाशी बोलतात तशी. “मला फक्त गोड कमी खायचं असतं.”

फुलानं तिच्याकडं बघितलं. चाळीस वर्षं जपलेलं बी एका टोपीवालीला गोड लागलं होतं, तेही जास्त.

नेत्रा, फुलाची सून, चुलीपाशी उभी होती. ती रामनगरच्या किराणा दुकानदाराची मुलगी, मूळ खानापूरकडची. दांडेलीच्या कॉलेजात विनोदशी जमवून आलेली. सासूला ती कन्नड वळणानं आत्ती म्हणायची. तिनं जे घडलं ते न लपवता सांगितलं. पाहुण्यांनी फोनवर जोयड्याच्या कंदांविषयी काही पाहिलं होतं आणि डोंगरातलं कंदच खायचं म्हणून ती दोघं अडून बसली होती. विनोद हो म्हणून बसला. वैशाखात कंद कुठून आणायचे? कोपऱ्यात राखेत जुने सुकत आलेले तुकडे सापडले, कुजून जाण्याआधी संपवावेत असं तिला वाटलं.

फुलाला नेत्राविषयी जे काही वाटत होतं ते तिनं त्या दुपारी सगळं बोलून घेतलं. दुकानदाराच्या पोरीला वजन कळतं, बी कळत नाही. मीठ तरी पोत्यातून येतं की झाडावर, हे ठाऊक आहे का. आणि असंच पुष्कळ. नेत्रानं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, “आत्ती, पहिल्या वर्षी मी इचारलं होतं राखेत काय हाय म्हणून. तुम्ही म्हणालात, तुला सांगून काय कळणार हाय.”

फुला तसं म्हणाली होती. ती उठली आणि परसात गेली. खड्डे आधीच खणून ठेवलेले होते, सात, शेणखत घालून. पाऊस अठरा-वीस दिवसांवर आला होता. ती खड्ड्यांच्या काठाकाठानं फिरली. ह्या वर्षी काही लावलं नाही तर आईचा कोन संपला. नुसता घरातून नव्हे, जगातून. कारण तो तिच्याशिवाय कुणाकडंच नव्हता, आणि तो कुणाकडं नसावा ह्याची तिनं चाळीस वर्षं काळजी घेतली होती.

धाकलू ओसरीच्या टोकाला दोरी वळत होता. तो दिवसाला दहा-बारा वाक्यं बोलणारा माणूस, त्यातली निम्मी बैलांशी. दोरीवरची नजर न काढता तो म्हणाला, “गुणाकडं हाय की.”

फुलानं विचारलं की त्याला कसं ठाऊक. धाकलूनं दोरीला दोन पीळ दिले. मग हळूहळू बाहेर आलं ते असं: चार वर्षांपूर्वी तो डोळ्याच्या ऑपरेशनला कारवारला गेला होता तेव्हा तो गुणाकडं राहिला होता. तीन दिवस. जेवला होता. कोनच होता, जांभळा, लाल कड्याचा. आणि त्यानंतर गुणाचा फोनही येत असतो, सणावाराला.

फुला नवऱ्याशी त्या संध्याकाळी बोलली नाही. पण ह्या बातमीवर राग धरून बसायला वेळ नव्हता. रविवारी सकाळी पाहुण्यांची गाडी अणशी घाटानं कारवारला उतरणार होती आणि तिथून गोकर्णाला. गुणाचं घर कारवारच्या पुढं, गोकर्णाच्याच वाटेवर. विनोदनं महेशला विचारलं, आणि महेश इतका आनंदला की फुलाला त्याच्याविषयी वाटणाऱ्या तुच्छतेत भरच पडली. घाट उतरताना बरोबर इथली बाई असली म्हणजे किती माहिती मिळेल, असं तो म्हणाला.

त्रेसष्ट वर्षांत फुला समुद्रावर गेली नव्हती. पूर्वी काम पडलं नाही, आणि गुणा खाली गेल्यापासून ती दिशाच तिनं टाकली होती. गाडीच्या मागच्या सीटवर ती पिशवी मांडीवर घेऊन, पाठ न टेकता बसली. पुढं ते दोघं. गाडी सव्वासात वाजता निघाली आणि पहिल्या वळणावर थांबली. महेशला दरी दिसली होती. त्यानं दरीचा फोटो काढला. दुसऱ्या वळणावर तीच दरी दुसऱ्या बाजूनं दिसली, तिचाही काढला. धबधबा कुठं आहे असं त्यानं विचारलं. वैशाखात धबधबा नसतो, दगड असतो, असं फुलानं सांगितलं. त्यानं दगडाचा फोटो काढला.

रूपालीनं मागं वळून तिला प्रश्न विचारले. इथं वाघ दिसतो का, इथं करमतं का, मोबाइलला रेंज नसली की भीती नाही वाटत का. तुम्ही लोक किती सुखी, असंही ती म्हणाली. फुलानं ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ आलटून पालटून उत्तर दिलं, प्रश्न कुठलाही असो. तेवढ्यानंही रूपालीचं समाधान होत होतं. अर्ध्या घाटात तिचा चेहरा हिरवट झाला. महेश गाडी हाकत होता ती गाणी म्हणत आणि एका हातानं. फुलानं पिशवीतून आमसुलाचं एक सोल काढलं आणि रूपालीच्या हातावर ठेवलं. चोखायला सांगितलं, गिळायला नाही. मग महेशला म्हणाली, “बाबा, गाणं तरी म्हण, न्हाईतर गाडी तरी हाक.” तो गप्प झाला आणि रूपालीला बरं वाटलं. तिनं फुलाचा हात धरला. फुलानं थोडा वेळ तो धरू दिला, कारण काढून घ्यायला जागा नव्हती.

कद्रा गेलं, काळी नदीचा पूल गेला, आणि मग उजव्या हाताला ते होतं. महेशनं गाडी थांबवली, चपला काढल्या आणि ओरडत वाळूत धावत गेला, चाळिशीचा माणूस. समुद्र बघून फुलाला काय वाटलं, हे तिनं पुढं वाडीत अनेकदा सांगितलं. एवढं पाणी आणि एका गुराला पाजता येत नाही. एवढी सपाट जागा आणि भात लावता येत नाही. मिनिटामिनिटाला काठावर येऊन आपटतं आणि परत जातं, जणू काही विसरलंय. सुप्याच्या पाण्यानं निदान काहीतरी बुडवलं होतं. ह्यानं तेही केलं नव्हतं. रूपालीनं तिला पाण्यात पाय घालून उभं केलं आणि फोटो काढला. त्यात फुला रेशनकार्डावर उभी असावी तशी दिसते.

गुणाच्या घरापाशी त्यांनी तिला अकराच्या सुमाराला सोडलं. ती दोघं हमरस्त्यावरच्या हॉटेलात जेवून अर्ध्या-पाऊण तासात तिथून पुढं जाणार होती. पण त्याआधी तिला परतीच्या बससाठी कारवारच्या स्टँडवर पोचवतो, असं ती दोघं म्हणाली, स्टँड उलट दिशेला असूनही. फुलानं त्यांना वेडं ठरवलं आणि बरं म्हणाली.

घर कौलारू, माडांच्या मधोमध. पुढं वाळूचं अंगण, मागं परस. शंकर दारात खुर्चीवर बसला होता, एक गुडघा बांधलेला, केस पांढरे. बावीस वर्षांपूर्वी ज्याच्या टेंपोच्या भोंग्यानं डोंगरातल्या बाया धावायच्या तो हा म्हातारा. त्यानं उठायचा प्रयत्न केला आणि आत हाक मारली.

गुणा बाहेर आली. अंगानं भरली होती, कानांत मोत्याची कुडी होती, पण चालायची तशीच, डोंगरात चालतात तशी, आधी टाच मग पाऊल. तिनं फुलाकडं बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य अजिबात नव्हतं. धाकलूनं फोन केला होता. हे फुलाला तेव्हाच कळलं आणि नवऱ्याशी अबोला निदान दिवाळीपर्यंत चालवायचं तिनं ठरवलं.

“आक्का, बस. घामानं भिजलीस,” गुणा म्हणाली, आणि तांब्याभर पाणी आणून ठेवलं.

फुला पाणी प्यायली. मग तिनं उकाड्याविषयी सांगितलं. उळवीच्या लग्नात जेवण कसं कमी पडलं ते सांगितलं. सुमंगलाची म्हैस व्यायल्याचं सांगितलं, सुमंगला कोण हे गुणाला ठाऊक असूनही. गुणा तांदूळ निवडत बसली आणि ऐकत राहिली. शंकर रस्त्याकडं बघत होता. डोंगरात ह्या दोघी तेरा वर्षं एका चुलीवर रांधत होत्या. लग्न होऊन आलेल्या सतरा वर्षांच्या गुणाला कोन कसा काढायचा, शेंडा कुठं कापायचा, राख कुठल्या लाकडाची घ्यायची हे फुलानंच शिकवलं होतं, शिव्या देत देत. तेव्हाही गुणा अशीच खाली मान घालून ऐकायची आणि एकदा ऐकलेलं विसरायची नाही. नेत्रासारखं विचारायचीही नाही.

सुमंगलाची म्हैस संपली. सांगायला काही उरलं नाही.

“बी गेलं,” फुला म्हणाली.

“कुणी नेलं?”

“सुनंनं शिजवलं. पाव्हण्यांनी खाल्लं. निम्मं टाकलं.”

गुणाची बोटं तांदळात थांबली. ती हसली नाही. फुला त्याचीच वाट बघत होती, हसली असती तर उठून जाता आलं असतं.

“तुज्याकडं हाय म्हणत्यात,” फुला म्हणाली.

“हाय. परसात हाय. हितं वाळूत काढून ठेवावं लागत न्हाई, जमिनीतच ऱ्हातंय.” गुणानं सूप बाजूला ठेवलं. “पर माजं न्हवं ते, आक्का. चोरीचं हाय. बावीस वर्सं तूच सांगत आलीयास. पाक उळवीच्या रांगेपतोर. माझी बहीण हुती त्या रांगेत.”

शंकरनं खुर्ची थोडी आणखी रस्त्याकडं वळवली.

फुलानं सांगितलं की जे झालं ते झालं. हे तिच्या तोंडून बाहेर पडायला बराच वेळ लागला आणि ते फारसं चांगलंही वाटलं नाही. गुणानं मान हलवली. तिला माफी नको होती, असं तिनं सांगितलं. माफीनं काही होणार नव्हतं. अडचण वेगळी होती. “तूच शिकवलंस मला. चोरून आणलेलं बी हातानं द्यायचं न्हाई. दिलं तर देणाऱ्याचंबी कुजतं आणि घेणाऱ्याचंबी. मागितलं कितीजणींनी. माज्या सख्ख्या नणंदेनं मागितलं. दिलं न्हाई कुणाला.”

हे खरं होतं. असं डोंगरात सगळेच मानत, आणि फुला सगळ्यांहून अधिक, कारण तिच्याकडं मागायला येणाऱ्यांना परत पाठवायला तिला नियमांचा उपयोग होत असे. सरळ मनानं मिळालेलं बी सरळ हातानं जातं. चोरीचं बी पुढं जातं ते चोरीनंच.

“मग मी काय करायचं?” फुलानं विचारलं.

“मी काय केलं होतं?” गुणा म्हणाली. ती उठली, तांदळाचं सूप उचललं, आणि जाता जाता भिंतीला टेकलेली पहार परसाच्या दारापाशी सरकवून ठेवली. आत जाऊन तिनं टीव्ही लावला, मोठ्यानं, आणि भांडी घासायला घेतली, तीही मोठ्यानं.

फुला बसून राहिली. शंकर रस्त्याकडं बघत होता. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं. आयुष्यात कुणाच्या शेवग्याची शेंगही न विचारता न तोडलेली बाई ती. तिनं पिशवी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. टीव्हीवर कुणीतरी रडत होतं. मग ती उठली, पहार घेतली आणि परसाचं दार ओलांडलं.

कुंपणाला लागून वाळलेली वेल माडावर चढलेली दिसत होती. बुडाशी एक जांभळट कोंब वाळूतून वर आला होता, बोटभर. फुलानं वाळूला नावं ठेवली, मनातल्या मनात. ही काय माती? हातातून निसटणारी, ना ओल धरणारी ना आकार. तिनं पहार घातली आणि पहार लोण्यात जावी तशी गेली. डोंगरात एक कोन काढायला दुपार जाते, दगड निघतात, मुळं निघतात, आणि चाळीस वर्षांत तिचा स्वतःचा कोन दर तिसऱ्या वर्षी तरी मोडत आलेला होता, हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. हा निघाला तो अख्खा. तिच्या हाताएवढा लांब, सरळ, एकही दगडाचा चट्टा नसलेला. तिनं नखानं साल खरवडली. जांभळा. आणखी खोल खरवडली. लाल कडं.

तो मांडीवर घेऊन ती वाळूत बसली. आईच्या परसात असा झाला नव्हता कधी. बांगड्याच्या वासात झाला होता.

कंबरेला कायम खोचलेल्या कोयत्यानं तिनं शेंडा कापला, कोंबासकट. कापलेल्या शेंड्याचे दोन भाग केले, एक पुन्हा खड्ड्यात ठेवून वर वाळू लोटली, एक पिशवीत घातला. खालचा लांब कंद परसाच्या दारात ठेवला. खायचा भाग चोरण्याचं काही कारण नव्हतं. आत भांडी अजून वाजत होती. कुठलंही भांडं इतका वेळ घासायला लागत नाही. निरोप घेणं शक्य नव्हतं, चोरी करून कुणी निरोप घेत नाही. पुढच्या दारानं गेलं तर शंकरला तिच्याकडं बघावं लागलं असतं आणि तो बिचारा मान अवघडून बसला होता. म्हणून ती कुंपणावरून गेली. त्रेसष्टाव्या वर्षी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, काटेरी तारेवरून. तारेत लुगड्याची वीतभर चिंधी राहिली.

परसामागं हमरस्ता होता, आणि हमरस्त्यावर पांढरी गाडी. महेशनं तिला कुंपण ओलांडताना बघितलं होतं. त्याचा फोन हातात होता, पण त्यानं फोटो काढला नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी फुलानं पुढं त्याला इतर पाहुण्यांपेक्षा वरच्या पायरीवर ठेवलं, फार वर नाही. कारवारपर्यंत कुणी काही विचारलं नाही. रूपालीनं फक्त तिच्या पायाचं रक्त पुसायला ओला कागद दिला.

संध्याकाळी घरी धाकलूनं दोरीवरची नजर उचलून, न राहवून, विचारलं की गुणानं दिलं का.

“न्हाई,” फुला अबोला विसरून म्हणाली. “चोरलं.”

दुसऱ्या दिवशी तिनं नेत्राला परसात बोलावलं आणि तो अर्धा शेंडा तिच्याकडून खड्ड्यात लावून घेतला. कसा धरायचा, कोंब कुठल्या अंगाला, माती किती दाबायची, सगळं सांगितलं. प्रत्येक वाक्याबरोबर एक अपमान होता, पण सांगितलं. नेत्रानं अपमान सोडून बाकीचं एका वहीत लिहून घेतलं.

वेल मोठी झाली. मार्गशीर्षात कोन निघाला, मधला पाऊस भरपूर झाल्यामुळं चांगला जाड, आणि त्याचे पाच शेंडे झाले. पुढच्या वर्षी पाच वेली. आता वाडीत बातमी पसरली होती, कारण फुलानंच ती सांगितली होती. लग्नांत, बांधावर, सगळीकडं. गुणाकडून चोरून आणलं, असं ती स्पष्ट म्हणायची, आणि ‘गुणा’ म्हणताना पूर्वीसारखा तोंडात खडा आल्यासारखा चेहरा करायची नाही. वेली वाळायला लागल्या तेव्हा सुमंगलानं चौथ्यांदा बी मागितलं. फुलानं सांगितलं की आता इच्छा असली तरी देता येत नाही, ते चोरीचं आहे, हातानं दिलं तर दोघींचं कुजेल. आणि मग, इकडं तिकडं बघून, तिनं असंही सांगितलं की येत्या सोमवारी दुपारी ती, धाकलू, विनोद आणि सून असे सगळे कुंभारवाड्याच्या बाजाराला जाणार आहेत, परसाच्या दाराला कडी नाही, आणि कुत्रं बांधलेलं असेल.

सोमवारी ते बाजाराहून परतले तेव्हा पाच वेलींपैकी तीन ठिकाणी माती उकरलेली होती. सुमंगला एकटी नव्हती तर. फुला एकेका खड्ड्यापाशी उकिडवी बसली. एका ठिकाणी कोन मधोमध मोडून अर्धा आतच राहिला होता. दुसऱ्या ठिकाणी शेंडा वाकडा कापला होता. तिसऱ्या खड्ड्यात परत काहीच ठेवलेलं नव्हतं, आणि माती तशीच उघडी टाकलेली.

“चोरायचीबी अक्कल न्हाई,” ती नेत्राला म्हणाली, आणि मोडलेला अर्धा कोन सावरून पुन्हा माती लोटू लागली.